नावं सरकली, आजार जागेवर राहिले

शनिवार, सोमवार, बुधवार असे आठवड्यातले तीन दिवस, दुपारच्या पाळीला, मी चार तास एका खुर्चीला बांधलेला असतो. हाताला नळ्या, शेजारी घरघरणारं यंत्र, समोर काच, आणि काचेपलीकडे मॅडम इन्शिराहचं टेबल. याला अकरा वर्षं झाली. आपल्या बायकोच्या तोंडाकडे माणूस बघत नसेल इतकं मी त्या टेबलाकडे बघितलंय. तेव्हा मी सांगतोय ते बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उरलेलं तिनं स्वतः सांगितलेलं.

मी अब्दुल-मुईन, भूगोलाचा मास्तर. मूत्रपिंडं गेली आणि पाठोपाठ शाळाही सुटली. आमचं गाव नाईलच्या रशीद फाट्यावर. तिथल्या सरकारी इस्पितळाच्या डायलिसिस विभागात मॅडम इन्शिराह कारकून. वय चौपन्न. शिक्षण वाणिज्याचा डिप्लोमा, तोही गावात कुणी कॉम्प्युटर पाहिला नव्हता तेव्हाचा. नवरा कालव्याच्या पंपावर कामाला होता, तो लवकर गेला. दोन मुली तिनं एकटीनं वाढवल्या आणि त्यांची लग्नं करून दिली.

विभागात कॉम्प्युटर आला तेव्हा पहिली दोन वर्षं त्यावरचं प्लास्टिक कुणी काढलं नाही. वर चहाचा ट्रे ठेवायला सपाट जागा झाली, एवढाच त्याचा उपयोग. मग एकदा वरून फर्मान आलं की सगळ्या नोंदी त्यातच हव्यात. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि शेवटी ज्याचा हुद्दा सगळ्यात खालचा त्याच्या, म्हणजे इन्शिराहच्या, गळ्यात ते मारलं. बाजारात शाहिनाज नावाच्या बाईचं झेरॉक्सचं दुकान आहे. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ही तिच्याकडे जाऊन बसायची. गिऱ्हाईक आलं की उठायचं, गेलं की पुन्हा बसायचं. दोन वर्षांचे शुक्रवार तिनं तिथे घालवले. शाहिनाज सांगेल ते वहीत उतरवून घ्यायचं आणि शनिवारी इथे येऊन आमच्या देखत करून बघायचं. पहिल्या महिन्यात तिनं एकदा माझं वजन सातशे किलो नोंदवलं होतं. मी म्हटलं, मॅडम, मग दोन खुर्च्या लागतील. ती हसली नाही. तिनं वही काढली आणि चूक कुठे झाली ते लिहून ठेवलं.

असं शिकून तिनं आमचा तक्ता तयार केला. एका ओळीत एक माणूस. नाव, वडलांचं नाव, दिवस, पाळी, रक्तगट, व्हायरस सी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, आहे की नाही, खोली कुठली, यंत्र कितवं. यातला व्हायरसचा रकाना महत्त्वाचा. ज्यांच्या रक्तात तो आहे त्यांनी खोली दोनमध्ये बसायचं, ज्यांच्यात नाही त्यांनी एकमध्ये. यंत्रांची सरमिसळ झाली तर एकाचा आजार दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतो. आम्हा रोग्यांना हे पाढ्यांसारखं पाठ असतं. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनासुद्धा.

तक्ता चांगला झाला आणि तिथून तिचे हाल सुरू झाले. तिला येतं म्हटल्यावर बाकीच्यांनी शिकायचं कारणच उरलं नाही. हिशेब खात्यातला माणूस शीर्षक कागदाच्या मधोमध यावं म्हणून मोकळ्या जागा बोटानं मोजत दाबत बसायचा, आणि त्याच्या मोजणीत चूक झाली की हिला हाक मारायचा. औषधांचा मुख्य माणूस पडद्याचा फोनवर फोटो काढायचा, तो फोटो हिला पाठवायचा आणि म्हणायचा, एवढं छापून द्या. मिस रावया, आमची मुख्य परिचारिका, बाई सोन्यासारखी. पण रोज संध्याकाळी ती नुसता पडदा बंद करायची आणि कॉम्प्युटर बंद केला म्हणून घरी जायची. सहा वर्षं ते यंत्र एक दिवस झोपलं नाही.

आणि या सगळ्यांच्या वर उस्ताज मुख्तार, इस्पितळाचे प्रशासन संचालक (आमच्याकडे साहेब आणि मास्तर दोघांनाही उस्ताज म्हणतात). त्यांना आलेली प्रत्येक मेल इन्शिराहनं छापून त्यांच्यापुढे ठेवायची. ते पाठीमागे शाईनं उत्तर लिहिणार. ते हिनं टाइप करायचं, छापायचं, पुन्हा वर न्यायचं. ते लाल शाईनं एक शब्द बदलणार. आपण शब्द बदलला की बाई पूर्ण पान पहिल्यापासून टाइप करते असा त्यांचा समज होता, आणि त्या समजातही ते दिवसातून चार वेळा शब्द बदलायचे, हे मला विशेष वाटतं. एकदा दोन मजले वरून त्यांचा फोन आला की माझं यंत्र इंग्रजी बोलायला लागलंय. ती जिने चढून गेली, दोन कळा एकदम दाबल्या, अक्षरं पुन्हा अरबी झाली, जिने उतरून आली. अर्ध्या तासानं पुन्हा फोन. त्या कळा कुठल्या ते तिनं त्यांना चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. चिठ्ठी त्यांनी खणात नीट ठेवली होती.

"मी कागदाचा माणूस," असं ते मोठ्या थाटात सांगायचे. "ही टायपिस्टांची कामं."

एका बुधवारी ती अशीच खालून वर, वरून खाली करून आली आणि माझ्या काचेजवळ उभी राहिली. घामानं डोक्यावरचा रुमाल कपाळाला चिकटला होता. मी सहज म्हटलं की सगळ्यांनाच कुठे जमणार हे, मॅडम, वयं झाली त्यांची.

"माझं काय वय कमी आहे?" ती म्हणाली. "न येण्याचा मला राग नाही, उस्ताज. मलाही येत नव्हतं. मला राग येतो तो हसत हसत 'आम्हाला नाही बुवा जमत' म्हणण्याचा. सुईण सांगते का कधी असं हसून, की मला नाळ कापता येत नाही? ड्रायव्हर सांगतो का, मला ब्रेक कुठे असतो ते माहीत नाही? यांना मात्र त्यात मोठेपणा वाटतो."

शाळेत मार्कांची यादी मी शेवटपर्यंत दुसऱ्याकडून करून घेतली होती, ते मला आठवलं.

दोन वर्षांपूर्वी नियम निघाला की वरच्या हुद्द्यावर जायचं तर कॉम्प्युटरची परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र पाहिजे. परीक्षा आपापल्या टेबलावर बसूनच द्यायची होती. उस्ताज मुख्तारनी इन्शिराहला खोलीत बोलावलं, दार लावलं, स्वतःची खुर्ची तिला दिली आणि आपण खिडकीशी सिगारेट ओढत उभे राहिले. चाळीस मिनिटांत तिनं पेपर संपवला. दोन प्रश्न मुद्दाम चुकवले, कारण सगळे बरोबर आले तर कुणाचा विश्वास बसला नसता. ही गोष्ट तेव्हा कुणालाच माहीत नव्हती. आम्हाला दिसलं ते इतकंच की मुख्तार शंभरात चौऱ्याण्णव मार्कांनी पास झाले, सगळ्या इस्पितळात बसबूसाचे, म्हणजे रव्याच्या गोड वड्यांचे, तुकडे वाटले गेले, प्रमाणपत्र चौकटीत बसून त्यांच्या खुर्चीमागे गेलं, आणि महिन्याभरात ते इस्पितळाच्या डिजिटल परिवर्तन समितीचे प्रमुख झाले. इन्शिराहनं तिच्या वाटचा बसबूसा मला आणून दिला. मी म्हटलं, मॅडम, मला साखर चालते पण तुम्ही का नाही खात? म्हणाली, घशाखाली उतरत नाही.

गेल्या वर्षी वसंतात तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा ठरला. आठवड्याची रजा मिळाली. त्याच सुमाराला शेजारच्या गावातला डायलिसिस विभाग दुरुस्तीसाठी बंद झाला आणि तिथले तीसेक रोगी आणि चार परिचारिका आमच्याकडे आल्या. आम्ही एकूण अडुसष्ट झालो. नव्या परिचारिकांना आमचे चेहरे माहीत नव्हते, आम्हाला त्यांचे. रजेवर जाण्याआधी इन्शिराहनं नव्यांची नावं घालून तक्ता पुरा केला, प्रत्येकाचा तपासणीचा कागद स्वतः बघून रकाने भरले, छापून मिस रावयाच्या हातात दिला. तिथं सगळं सुखरूप चाललं असतं.

पण रविवारी प्रांताची समिती पाहणीला येणार होती. मुख्तारना वाटलं की समितीपुढे जाणारी यादी नावांच्या अक्षरक्रमानं असावी, दिसायला बरी दिसते. गुरुवारी दुपारी त्यांनी इन्शिराहच्या घरी फोन केला. तिचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालेलं, डोळ्यावर पट्टी, डोकं जड. त्यांनी तिचा पासवर्ड मागितला. ती म्हणाली की शनिवारी मी कुणाला तरी घेऊन येते, तुम्ही हात लावू नका. ते म्हणाले, समितीनं शेरा मारला तर नवी यंत्रं अडतील, त्याची जबाबदारी तुमची. तिनं पासवर्ड दिला.

शनिवारी दुपारी मी विभागात आलो तर भिंतीवर नवी यादी लागलेली. सही, गोल शिक्का, सगळं व्यवस्थित. मी आपलं नाव शोधलं. अब्दुल-मुईन, खोली दोन, यंत्र नऊ. दहा वर्षं मी खोली एक, यंत्र चार. मला वाटलं चष्मा पुसायला हवा. पुसला. खोली दोनच.

माझ्या मागे हाज्जा बहिय्या उभी होती. ही भाजी विकते, अक्षर ओळख नाही, तोंड मात्र कात्रीसारखं चालतं. तिच्या रक्तात पंधरा वर्षं व्हायरस आहे, तिची जागा कायम खोली दोनमध्ये. तिनं नव्या परिचारिकेकडून आपली ओळ वाचून घेतली. खोली एक.

"काय उस्ताज," ती मला म्हणाली, "तुमची-माझी बदली झाली म्हणायची. जा, माझी खुर्ची गरम करून ठेवलीय."

आम्ही दोघं हसलो. मग तिचं हसणं थांबलं, आणि माझंही. परिचारिका मला हाताला धरून खोली दोनकडे न्यायला लागली. बिचारीची चूक नव्हती, तिच्या हातात शिक्क्याचा कागद होता. मी हात सोडवून घेतला. हाज्जा तर दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि पिशवी मांडीवर घेऊन म्हणाली, "माझं रक्त मला ठाऊक आहे. ते मी दुसऱ्याच्या यंत्रात सोडणार नाही. पोलीस आणा."

मिस रावया समितीच्या तयारीला वर गेलेली होती. गडबड ऐकून उस्ताज मुख्तार आले, नवा टाय लावलेले. मी त्यांना शांतपणे सांगितलं की यादीत घोळ आहे. त्यांनी यादीकडे बघितलंही नाही.

"हे कॉम्प्युटरमधून आलंय, उस्ताज अब्दुल-मुईन. कॉम्प्युटर चुकत नाही, चुकतात ती माणसं. तुम्ही भूगोल शिकवलात, मी तुम्हाला कधी नाईल कुठे वळते ते सांगायला आलो का?"

मी बाहेर ओट्यावर जाऊन इन्शिराहला फोन लावला. तिनं मला एकच विचारलं, हाज्जाला कुठली खोली दिलीय. मी सांगितलं. फोन बंद झाला. वीस मिनिटांत ती टुकटुक रिक्षातून उतरली. घरातलाच झगा, पायात घरच्या चपला, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. थेट भिंतीपाशी गेली, उघडा डोळा कागदाला जवळजवळ टेकवला, आणि पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

"नावं सरकली," ती म्हणाली. "आजार जागेवर राहिले."

मुख्तारनी फक्त नावांचा रकाना निवडून तो अक्षरक्रमानं लावला होता. नावं वर-खाली झाली. बाकीचे रकाने, रक्तगट, व्हायरस, खोली, यंत्र, होते तिथेच थांबले. अडुसष्ट माणसांपुढे अडुसष्ट दुसऱ्यांचीच रक्तं लिहिलेली. असं करताना ते यंत्र एकदा विचारतं, बाकीचेही हलवू का. त्यांनी ती प्रश्नाची खिडकी नाहीशी करण्यासाठी दिसेल ती कळ दाबली. नंतर ते स्वतःच हे म्हणाले, जणू माशी हाकलल्याचं सांगावं तसं.

"बरं मग, एक कळ दाबून पूर्ववत करा ना," ते म्हणाले. "त्यात एवढं काय?"

तिनं त्यांच्याकडे मान वळवली. "सकाळच्या पाळीत किती बसले?"

सकाळच्या पाळीतले जुने रोगी सवयीनं आपापल्या जागी जाऊन बसले होते आणि जुन्या परिचारिकांनीही कागद न बघता सुया लावल्या होत्या. पण नव्यांचं सगळं कागदावर चाललं. रक्तात व्हायरस नसलेले तीन जण चार चार तास खोली दोनच्या यंत्रांवर बसून, पट्टी बांधून, घरी गेले होते. त्यातली एक इब्तिहाल, अठ्ठावीस वर्षांची, शिवणकाम करणारी, साखरपुडा झालेली. दुसरे दोघं म्हातारे भाऊ.

इन्शिराह भिंतीला पाठ लावून खाली बसली. मला वाटलं डोळ्याला काही झालं. मग ती उठली, पर्समधून छोटा पेन ड्राइव्ह काढला. दर बुधवारी, आणि रजेवर जाताना तर आठवणीनं, ती तक्त्याची एक प्रत त्यावर घेऊन ठेवायची, हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. खरी यादी छापली, भिंतीवरची फाडली, सगळी यंत्रं निर्जंतुक करायला लावली. आमची पाळी अडीच तास उशिरा सुरू झाली. हाज्जा बहिय्या आपल्या खोलीकडे जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

सोमवारी मी तक्रार लिहिली. चार पानं, सुवाच्य अक्षरात, उस्ताज मुख्तारविरुद्ध. आणि इथे माझ्या हातून घोटाळा झाला. चौकशी लागली ती इन्शिराहवर. कारण कॉम्प्युटरच्या नोंदीत गुरुवारचा तो बदल तिच्या नावावर होता. पासवर्ड तिचा, म्हणजे हात तिचा. हे मला कळलं तेव्हा मी तक्रार मागे घ्यायला गेलो. चौकशी अधिकारी उस्ताजा मैसून, प्रांताच्या कायदा विभागातून आलेली. तिनं मला सांगितलं की तक्रार मागे घेता येत नाही, पण साक्षीला येता येतं. म्हणून मी त्या खोलीत होतो.

मैसूनबाई पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. समोर मुख्तार, त्यांच्या बाजूला इन्शिराह, कोपऱ्यात मी. मुख्तारना विचारलं, गुरुवारी तुम्ही तो तक्ता उघडलात का? ते हसले, तेच हसणं.

"मॅडम, सगळ्या इस्पितळाला विचारा. मला ते यंत्र सुरूसुद्धा करता येत नाही. मी काय तक्ता उघडणार?"

आयुष्यभर न शिकल्याचा हा उपयोग असतो हे मला तेव्हा कळलं. काम आलं की येत नाही म्हणायचं, आणि आळ आला तरी येत नाही म्हणायचं. मी काही बोलणार तेवढ्यात इन्शिराहनं हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा.

"मग खुर्चीमागचं प्रमाणपत्र कसलं, ते विचारा," ती म्हणाली.

मैसूनबाईंनी कागद चाळले. प्रमाणपत्राची नक्कल फाइलमध्ये होतीच. चौऱ्याण्णव मार्क. त्यांनी मुख्तारना विचारलं की प्रमाणपत्र खरं का. आता त्यांना दोन्हीपैकी एकच धरता येत होतं. मग बढतीचा विचार जिंकला असावा. म्हणाले, अर्थातच खरं. मैसूनबाईंनी आपला कॉम्प्युटर त्यांच्याकडे फिरवला, त्यात दहा नावांची एक छोटी यादी होती, नावापुढे गाव आणि जन्मतारीख. त्यांनी सांगितलं, एवढी अक्षरक्रमानं लावून दाखवा.

मुख्तारनी माउस धरला, धरला कसला, मुठीत दाबला. दोन मिनिटं बाण पडद्यावर भरकटत होता. शेवटी त्यांनी नावांचा रकाना निवडला. कळ सापडली. खिडकी उघडली, काहीतरी विचारायला लागली. त्यांनी ती घालवली. नावं सरकली, गावं आणि तारखा जागच्या जागी. मुख्तार मागे टेकून बसले.

"झालं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर समाधान होतं. काय केलं ते त्यांना आत्ताही कळलं नव्हतं.

मैसूनबाई पडद्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, मग त्यांनी लिहायला घेतलं. एवढ्यावर प्रकरण संपलं असतं. इन्शिराह सुटली असती, फार तर पासवर्ड दिल्याबद्दल समज मिळाली असती. पण ती म्हणाली की अजून एक लिहा.

"ती परीक्षा मी दिली. त्यांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीवर. दोन उत्तरं मुद्दाम चुकवली, कुठली तेही सांगते."

मैसूनबाईंचं पेन थांबलं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, हे तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं."

"तुमचं चाललं असतं. त्या शिवणकामाच्या पोरीचं काय? मी तो पेपर लिहिला नसता तर हा माणूस समितीवर गेला नसता आणि त्या तक्त्याला हात लावायची त्याची छाती झाली नसती. इतकी वर्षं मी यांची कामं उरकली, कारण समजावून सांगण्यापेक्षा उरकणं सोपं. माझाही आळसच तो. लिहा."

निकाल यायला चार महिने लागले. मुख्तारांचं प्रमाणपत्र रद्द झालं, समितीचं प्रमुखपद गेलं, बदली झाली. कुठे? प्रांताच्या मुख्य कचेरीत, याच हुद्द्यावर. यंदा ते निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला, पुष्पगुच्छ, मानचिन्ह, भाषणं. इन्शिराहचा पंधरा दिवसांचा पगार कापला आणि तिला तळघरातल्या जुन्या फायलींच्या कोठारात पाठवलं. कागदावर दोघांनाही शिक्षा झाली, बरोबर आहे. मी ते कागद दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्या तिघांच्या तपासण्या पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात व्हायच्या होत्या. म्हातारे भाऊ म्हणायचे, आमचं काय, राहिलेच किती दिवस. इब्तिहालच्या सासरच्यांनी लग्न पुढे ढकललं, आधी दोन महिने, मग आणखी. तिची पाळी नंतर दुपारची झाली होती; ती माझ्या शेजारच्या यंत्रावर बसायची आणि सबंध चार तास मांडीवरच्या कापडाला बटणं लावत असायची, एका हातानं. सहा महिने संपले. तिघंही सुखरूप निघाली. अल्हम्दुलिल्लाह. तिचं लग्नही पुढे झालं.

पण त्या दिवसापासून इस्पितळात एक वाक्य सुरू झालं: शेवटी काही झालं नाही ना. हिशेब खात्यातला म्हणाला, डॉक्टर म्हणाले, औषधवाला म्हणाला. मी तळघरात जाऊन हे इन्शिराहला सांगितलं. सांगायला नको होतं. धुळीनं भरलेल्या फायलींच्या गठ्ठ्यावर तिनं मूठ इतक्या जोरात आपटली की आम्ही दोघंही खोकायला लागलो.

"काही झालं नाही? त्या पोरीनं सहा महिने आपल्या होणाऱ्या नवऱ्याच्या ग्लासातून पाणी प्यायलं नाही. यांच्यापैकी कुणी तिला विचारलं का?"

ती तळघरात अकरा आठवडे होती. वर तिच्या टेबलावर कुणी बसेना. यादी हातानं लिहायला लागले, एकाच यंत्रावर दोघांना बोलवायला लागले. एका सोमवारी मिस रावया जिने उतरून खाली गेली आणि तिच्यापुढे रडली. नवे संचालकही मागोमाग गेले. इन्शिराहनं यायचं कबूल केलं, एका अटीवर. ती कुणाचंही काम करून देणार नाही. रोज दहा ते अकरा ज्याला हवं त्यानं यावं, कळा ज्याच्या त्यानं दाबायच्या, ती हात पाठीमागे बांधून उभी राहील. संचालकांना वाटलं बाई रागात बोलतेय, चार दिवसांनी निवळेल. निवळली नाही.

पहिल्या आठवड्यात नऊ जण आले, दुसऱ्यात चार. हिशेबवाला म्हणाला की तिचा स्वर अपमानकारक आहे. होता. काचेतून मला ऐकू यायचं. मिस रावया मात्र टिकली. चार महिन्यांत तिनं बुधवारची यादी स्वतः केली, छापली, आणि भिंतीवर लावून दहा मिनिटं तिच्यापुढे उभी राहिली, येईल त्याला आपली ओळ वाचून दाखवत.

परवा सोमवारी नवे डॉक्टर आले. तिशीचे, कैरोत शिकलेले, हातात हातभर लांब फोन, त्यावर अंगठे नुसते उडत असतात. रोग्यांच्या टिपणांचा हातानं लिहिलेला गठ्ठा त्यांनी इन्शिराहच्या टेबलावर ठेवला, जरा हसले आणि म्हणाले की हे तेवढं आत घालून टाका मॅडम, मला तो तक्ता-बिक्ता काही जमत नाही.

खोली एकमधल्या आम्हा आठ जणांच्या माना एकदम काचेकडे वळल्या. इन्शिराह उठली. आपली खुर्ची तिनं त्यांच्याकडे सरकवली आणि स्वतः स्टूल ओढून बाजूला बसली, हात मांडीवर.

"बसा डॉक्टर," ती म्हणाली. "मला पाच वाजेपर्यंत वेळ आहे."

माझी पाळी संपली, सुया निघाल्या, मी कापूस दाबून धरत बाहेर आलो, तेव्हा डॉक्टरांचं अजून दुसरंच टिपण चालू होतं. एका बोटानं ते अरबी 'ऐन' अक्षराची कळ शोधत होते, कान लाल झालेले. ती कळ कुठे आहे ते तिला दिसत होतं. ती सांगत नव्हती.